अतिथिगृहाच्या भिंतीवर प्राचीन रोम

नेपल्सहून सालेर्नोकडे जाणाऱ्या मोटारमार्गासाठी १९५९ साली इटलीत जमीन खोदली जात असता, पॉम्पेई नगरीच्या तटाबाहेर दक्षिणेस, सार्नो नदीच्या परिसरात, मुरेचिने या ठिकाणी एका प्राचीन इमारतीच्या भिंती उघड्या पडल्या. तिच्या अंगणालगत भोजनदालनांची रांग होती. त्यांपैकी एका दालनाच्या गर्द तांबड्या भिंतीवर मध्यभागी तंतुवाद्य धारण केलेला अपोलो आणि आजूबाजूच्या चौकटींत, जमिनीला पाय न टेकता, जणू त्या तांबड्या अवकाशातच विहार करणाऱ्या कलादेवता रेखाटलेल्या होत्या. आणि दुसरीकडे एका टोपलीत सुल्पिकी नामक सावकारी पेढीचे मेणपाट्यांवर लिहिलेले दफ्तर, कर्जरोखे आणि करारमदार यांसह, चिखलात जसेच्या तसे राहिले होते. ही इमारत म्हणजे व्यापाराच्या निमित्ताने येणाऱ्या सधन प्रवाशांचे अतिथिगृह होते, असे काही अभ्यासक मानतात, तर काहींच्या मते ते एखाद्या व्यापारी संघाचे बैठकघर असावे. पाहुण्यांना भोजनासाठी बसविण्याची जागा म्हणून ही दालने सजविली गेली, एवढे मात्र उभयपक्षी मान्य आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला, तेव्हा या इमारतीची दुरुस्ती आणि सजावट पुरी झालेली नव्हती. सतरा वर्षांपूर्वीच्या भूकंपाने खिळखिळ्या झालेल्या वास्तूला नवे रूप देण्याचे काम तेथे चालूच होते.

जुन्या, नावाजलेल्या हॉटेलांच्या अंतर्भागाचे नूतनीकरण करताना ग्रीक आणि रोमन कलेपासून स्फूर्ती घेतलेले भित्तिकागद वापरण्याकडे आज युरोपात आणि अमेरिकेत जो कल दिसतो, त्याचा विचार करताना मुरेचिनेचे हे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. खांब, तोरणे, पुष्पमाला, पंख असलेल्या बालमूर्ती आणि काळ्या वा तांबड्या पार्श्वभूमीवरील कृश आकृती ही केवळ राजवाड्यांची किंवा वस्तुसंग्रहालयांची मिरासदारी आहे, अशी आपली समजूत असते; वस्तुतः जेथे परका माणूस येतो, जेवतो, एखादी रात्र काढतो आणि निघून जातो, तशा जागेच्या भिंतींशीही या कलेचा संबंध होता. म्हणून ती कला पुन्हा हॉटेलच्या भिंतीवर आली, तर त्यात गैर काहीच नाही. प्रश्न एवढाच उरतो, की कोणत्या दालनाला काय शोभते हे ठरवायचे कसे. आणि या प्रश्नाचे उत्तरही आपल्याला त्याच प्राचीनांकडे मागता येते.

रोमन भिंतीची रचना एकदा लक्षात आली, की पुढचा पुष्कळसा भाग आपोआप उलगडतो. ही भिंत बहुधा तीन भागांत विभागलेली असे: खाली कमरेपर्यंत किंवा त्याहून थोडा कमी उंचीचा गडद पट्टा, त्याच्यावर मोठमोठ्या चौकटींचा मुख्य भाग, ज्याच्या मध्यभागी एखादे पौराणिक चित्र किंवा एकाकी आकृती, आणि सर्वांत वर, छताखाली, हलक्या रंगातला, काल्पनिक वास्तुरचनेने भरलेला भाग. जर्मन पुरातत्त्वज्ञ ऑगुस्ट माऊ याने १८८२ साली पॉम्पेईतील चित्रित भिंतींची चार शैलींत विभागणी केली, आणि ती विभागणी आजही अभ्यासकांच्या उपयोगाची आहे. पहिल्या शैलीत गिलाव्याला उठाव देऊन आणि रंगवून संगमरवरी शिळांचा आभास निर्माण केला जाई; दुसऱ्या शैलीत भिंत जणू फोडून पलीकडच्या स्तंभावली आणि उद्याने दाखविली जात; तिसऱ्या शैलीत हा सारा खोलवरपणा मावळून सपाट एकरंगी क्षेत्रावर अत्यंत नाजूक नक्षी आली; आणि चौथ्या शैलीत या सर्वांचे मिश्रण झाले. भित्तिकागद हे खऱ्या भित्तिचित्राचे स्वस्त अनुकरण असल्याने ते हीन होय, असा आक्षेप घेणाऱ्यांनी पहिली शैली अवश्य पाहावी. कारण ज्यांचे अनुकरण आपण करतो, ते रोमन गृहस्थ स्वतःच दगडाऐवजी चुन्याचा दगड करून भिंती सजवीत होते, आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नव्हता.

२०२४ च्या एप्रिल महिन्यात पॉम्पेईच्या नवव्या विभागात चाललेल्या उत्खननातून एक मोठे भोजनदालन प्रकाशात आले. त्याच्या भिंती काळ्या आहेत. त्या काळ्या क्षेत्रावर हेलन आणि पॅरिस, तसेच अपोलो आणि कॅसँड्रा यांची चित्रे आहेत. आणि रात्रीच्या मेजवानीत तेलाच्या दिव्यांची काजळी भिंतीवर दिसू नये म्हणून काळा रंग योजला असावा, असे उत्खननाच्या प्रमुखांनी सांगितले. हे स्पष्टीकरण ज्यांनी व्हिट्रुव्हियसचा वास्तुविषयक ग्रंथ वाचला आहे त्यांना नवे वाटणार नाही. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील हा रोमन स्थपती आपल्या ग्रंथाच्या सातव्या भागात स्पष्ट सांगतो, की हिवाळी भोजनगृहात भव्य चित्रे किंवा नाजूक गिलाव्याचे काम करू नये, कारण शेगडीचा धूर आणि दिव्यांची काजळी यांनी ते खराब होते. तेथे काळ्या, घोटलेल्या चौकटी कराव्यात आणि त्यांच्यामध्ये पिवळ्या वा तांबड्या रंगाच्या पट्ट्या घालाव्यात. दालनाचा उपयोग आधी आणि शोभा त्याला अनुसरून, असा हा विचार आहे. आणि गेल्या दोन हजार वर्षांत अंतर्गृहशोभनाच्या शास्त्राने यापेक्षा अधिक शहाणपणाचे काही सांगितले असेल असे मला वाटत नाही.

याच ग्रंथात व्हिट्रुव्हियसने आपल्या काळातील चित्रकारांवर कडक टीका केली आहे. वेताच्या काडीने छप्पर तोलावे, दीपवृक्षाने देवालय उचलून धरावे, देठांतून अर्ध्या मनुष्याकृती उगवाव्यात, असली सृष्टीत कधी नसलेली आणि कधी संभवणार नाही अशी चित्रे लोकांना आवडतात, याचा त्याला खेद होतो. ट्रॅलीस नगरीतील एका लहान नाट्यगृहासाठी अलाबांडाच्या अपाटुरियसने चित्रित केलेला रंगमंच प्रेक्षकांना पसंत पडला असताही लिकिम्नियस नामक गणितज्ञाने उठून त्यातील विसंगती कशी दाखवून दिली, अलाबांडाकरांनी व्यायामशाळेत वकिली करणाऱ्यांचे आणि न्यायाच्या चौकात थाळीफेक करणाऱ्यांचे पुतळे उभारून आपली अरसिकता कशी प्रकट केली आहे हे कसे सुनावले, आणि चित्रकाराने आपले काम उतरवून दुरुस्त करून कसे दिले, ही हकीकतही तो सांगतो. अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने ‘औचित्यविचारचर्चे’त काव्याचे जीवित म्हणून ज्या तत्त्वाची प्रतिष्ठापना केली, ते आणि हा रोमन स्थपती भिंतीच्या बाबतीत जे मागतो ते, ही दोन्ही एकाच कुळातली आहेत. मात्र एका गोष्टीत मी व्हिट्रुव्हियसशी सहमत होऊ शकत नाही: ज्या काल्पनिक वेलबुट्टीला तो राक्षसी म्हणतो, तिच्यातच पुढे युरोपातील सजावटीचे बीज दडलेले होते.

ते बीज कसे रुजले, तेही पाहण्यासारखे आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये सम्राट नीरोच्या सुवर्णप्रासादाची मातीखाली गाडली गेलेली दालने सापडली; दोरीला लोंबकळत, मशालीच्या उजेडात चित्रकार त्यांत उतरू लागले; आणि राफाएल व त्याचा सहकारी जोव्हान्नी दा उदीने यांनी त्या छतांवरील विचित्र, हलकी, लवचिक नक्षी व्हॅटिकनच्या सज्जांत उतरविली. १७३८ मध्ये हर्क्युलेनियमचे आणि १७४८ मध्ये पॉम्पेईचे उत्खनन सुरू झाले. नेपल्सच्या दरबाराने १७५७ पासून हर्क्युलेनियमच्या अवशेषांचे भव्य सचित्र खंड प्रसिद्ध करावयास प्रारंभ केला. आणि ज्यांनी इटली डोळ्यांनी पाहिली नाही, अशा पॅरिस आणि लंडनमधील कारागिरांच्या हाती हा खजिना आला. पॅरिसमधील सँ-आंत्वान उपनगरात झाँ-बाप्तिस्त रेव्हेयाँ याचा भित्तिकागदांचा मोठा कारखाना होता. माँगोल्फिए बंधूंनी १७८३ साली उडविलेल्या फुग्यांपैकी काहींची सजावट याच कारखान्यातून झाली. येथे पॉम्पेई आणि राफाएल यांच्या नक्षीवरून बेतलेले उंच, सडपातळ पट्टे छापले जात, आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यात लाकडी चौकटींमध्ये बसविले जात. रेव्हेयाँने मजुरीविषयी काढलेल्या उद्गारांवरून २८ एप्रिल १७८९ रोजी जमावाने हा कारखाना आणि त्याचे घर उद्ध्वस्त केले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या इतिहासात त्या दंग्याची नोंद आहे.

क्रांतीनंतरच्या पिढीत या कलेने जी झेप घेतली ती अपूर्व होती. जोझेफ ड्यूफूर याने आधी माकाँ येथे आणि नंतर पॅरिसमध्ये, तर झ्यूबेर घराण्याने आल्सासमधील रिक्सहाइम येथे, एकाच नक्षीची पुनरावृत्ती न करता खोलीच्या चारी भिंतींवर अखंड दृश्य उभे करणारे कागद काढले. त्यांची कृती समजून घेतली, तर आजही आश्चर्य वाटल्याशिवाय राहत नाही. चिंध्यांपासून हाताने केलेले कागदाचे ताव टोकाला टोक चिकटवून अर्ध्या मीटरहून थोड्या अधिक रुंदीचे लांब पट्टे तयार करीत. त्यांवर खडूची पूड, रंगद्रव्य आणि जनावरांच्या कातड्याचा सरस यांचे मिश्रण रुंद कुंचल्यांनी फासून पार्श्वभूमी देत, आणि आकाश असेल तेथे निळा रंग क्षितिजाकडे फिका होत जाईल अशा रीतीने दोन-तीन माणसे एकाच वेळी ओल्या रंगावर कुंचले फिरवीत. मग लाकडी ठशांची पाळी येई. प्रत्येक रंगासाठी, आणि मोठ्या आकृतीच्या प्रत्येक भागासाठी, वेगळा ठसा. तो रंगाने भिजलेल्या कापडावर टेकवून कागदावर नेमक्या जागी ठेवावयाचा, कोपऱ्यांतील बारीक खिळ्यांच्या खुणांवरून आधीच्या ठशाशी त्याचा मेळ घालावयाचा, तरफेने दाबावयाचा, आणि तो रंग वाळल्यावरच पुढचा ठसा उचलावयाचा. झ्यूबेरने १८०७ मध्ये काढलेल्या ‘हिंदुस्थान’ नावाच्या दृश्यमालेसाठी, जिची रेखाटने पिएर-आंत्वान माँजँ याने थॉमस आणि विल्यम डॅनियल या चुलत्या-पुतण्यांच्या भारतविषयक चित्रांवरून केली होती, बाराशेंहून अधिक ठसे लागले. रिक्सहाइमचा तो कारखाना आजही चालू असून जुन्या ठशांवरून तेथे अद्याप छपाई होते. ते ठसे फ्रान्समध्ये ऐतिहासिक वारसा म्हणून संरक्षित आहेत.

प्राचीन कथांवरील ड्यूफूरच्या दोन मालिका विशेष गाजल्या. एक ‘क्युपिड आणि सायकी’ ही, १८१५-१६ च्या सुमारास निघालेली, सव्वीस पट्ट्यांची. लुई लाफीत आणि मेरी-जोझेफ ब्लाँदेल यांच्या रेखाटनांवरून ती केवळ राखाडी छटांत छापली होती, त्यामुळे भिंतीवर कोरीव शिल्पपट लावला असल्याचा भास होतो. दुसरी ‘कॅलिप्सोच्या बेटावरील टेलेमॅकस’ ही, १८१८ च्या सुमाराची; फेनेलाँने १६९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या कादंबरीत ऑडिसियसच्या पुत्राची जी कथा रचली, तिच्यातील प्रसंगांवर ती आधारलेली आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या टेनेसीतील ‘हर्मिटेज’ या घराच्या मधल्या दालनात हीच मालिका लावलेली आहे. १८३४ च्या आगीत घर जळाले, तेव्हा पुन्हा उभारलेल्या घरासाठी तीच मालिका नव्याने मागविण्यात आली. नौका फुटून परक्या किनाऱ्यावर आलेल्या तरुणाचे बेटाच्या स्वामिनीने केलेले स्वागत, हा प्रसंग घराच्या प्रवेशदालनात असावा यातील औचित्य सहज ध्यानात येते. जॅक्सन यांच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्यांचा राबता मोठा होता, आणि त्यांना प्रथम भेटे ते हे दालन.

या दृश्यमाला आखताना त्या कारागिरांनी एक व्यवहारी युक्ती योजली होती, आणि आजच्या हॉटेलांच्या नूतनीकरणात तिचा उपयोग व्हावा असे मला मनापासून वाटते. चित्रातील क्षितिज सर्व पट्ट्यांत एकाच उंचीवर असे, आकृती खालच्या भागात असत आणि वर पुष्कळ मोकळे आकाश ठेवलेले असे. त्यामुळे छत ठेंगणे असले तर आकाश कापता येई, आणि चित्राला धक्का लागत नसे. दोन प्रसंगांच्या मध्ये वृक्ष किंवा खडक असत; दरवाजा किंवा शेकोटी आडवी आली, की नेमके तेथेच चित्र तोडता येई. आज संगणकाच्या साहाय्याने कोणतेही चित्र हव्या त्या आकारात छापता येते. पण त्या सोयीमुळेच पुष्कळदा अपोलोच्या गळ्यातून विजेचे बटण बाहेर येते आणि स्तंभाचे शीर्ष छताखाली अर्धे चिरडले जाते. भिंतीचे माप, दारे, खिडक्या, कपाटे आणि पलंगाची पाठ यांचा तपशीलवार नकाशा हाती आल्याखेरीज चित्राचा मसुदा करू नये, हा जुन्या ठसेकारांचा शिरस्ता होता, आणि तो मोडण्यात कोणाचेच हित नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वेबरोबर भव्य हॉटेले आली, आणि त्यांच्या जिन्यांना व बोळांना नाजूक कागद पुरे पडेनात. लिनोलियमचा शोध लावणाऱ्या फ्रेडरिक वॉल्टन याने १८७७ साली जवसाच्या तेलाचा घट्ट लगदा रुळांखाली दाबून उठावाचे भित्तिपट तयार केले. ‘लिंक्रस्टा’ या नावाने ते प्रसिद्ध आहेत. दहा वर्षांनी थॉमस पामर याने कापसाच्या लगद्यापासून त्याच जातीचा हलका प्रकार काढला. ग्रीक झालर, अकँथसची पाने, पुष्पमाला असले प्राचीन नमुने या पटांवर उठावदार उमटत. ते धुता येत, त्यांच्यावर पुन्हा रंग देता येई, आणि सामानाच्या पेट्यांचे धक्के ते वर्षानुवर्षे सोसत. आजही एखाद्या जुन्या हॉटेलच्या बोळात तैलरंगाचे थर काळजीपूर्वक काढले, तर खालून शंभर वर्षांपूर्वीचे लिंक्रस्टा शाबूत निघते. पॉम्पेईच्या भिंतीतला तळाचा गडद पट्टा आणि हा कमरेपर्यंतचा टणक पट एकाच गरजेतून आले आहेत. हॉटेलच्या बोळात प्राचीन नक्षी हवी असेल, तर ती प्रथम येथेच यावी.

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर मॉरकम येथील मिडलँड हॉटेल हे या सर्व चर्चेत मला सर्वांत बोलके उदाहरण वाटते. लंडन, मिडलँड अँड स्कॉटिश रेल्वे कंपनीसाठी ऑलिव्हर हिल याने बांधलेली ही पांढरीशुभ्र, धनुष्याकार इमारत १९३३ मध्ये खुली झाली. तिचे स्वरूप त्या काळाला अनुसरून अगदी आधुनिक. पण आतील दालनासाठी शिल्पकार एरिक गिल याने जो मोठा शिल्पपट कोरला, त्याचा विषय होता समुद्रातून वाचून किनाऱ्यावर आलेल्या ऑडिसियसचे राजकन्या नॉसिकाने केलेले स्वागत. समुद्रकाठच्या अतिथिगृहाला याहून योग्य विषय होमरच्या काव्यातही दुसरा सापडणार नाही. प्राचीन प्रसंग आणि आधुनिक वास्तू यांचा तेथे विरोध जाणवत नाही. रेषा संयमित आहेत, दगड उथळ कोरलेला आहे, आणि शिल्प भिंतीच्या बाहेर उडी घेत नाही. त्याच हॉटेलच्या गोलाकार उपाहारगृहात एरिक रॅव्हिलियस आणि त्याची पत्नी टर्झा गारवुड यांनी भित्तिचित्रे रंगविली होती. पण नव्या इमारतीतला गिलावा पुरता वाळलेला नव्हता, ओल आतून येत राहिली, आणि ती चित्रे थोड्याच काळात पापुद्रे सुटून नष्ट झाली. पुढे युद्धकाळात इमारतीचे इस्पितळ झाले, नंतर मालक बदलत गेले, १९९८ मध्ये तिचे दरवाजे बंद झाले, आणि दीर्घ दुरुस्तीनंतर २००८ मध्ये ती पुन्हा उतारूंसाठी खुली झाली. गिलचे शिल्प टिकले आणि रॅव्हिलियसची चित्रे गेली, याचे कारण दोघांच्या गुणवत्तेत शोधावयाचे नसून भिंतीच्या ओलाव्यात शोधावयाचे आहे.

म्हणूनच कोणत्याही जुन्या हॉटेलच्या पुनर्रचनेत नक्षीची निवड ही दुसरी पायरी होय. पहिली पायरी भिंतीची तपासणी. जुन्या इमारतींचा गिलावा चुन्याचा असतो, आणि चुना ओल शोषून पुन्हा हवेत सोडीत असतो. अशा भिंतीवर प्लास्टिकचा जाड पट घट्ट चिकटवला, की ओल आतच कोंडते, मग डाग, बुरशी आणि शेवटी गिलाव्याचे पोपडे. याला उपाय म्हणून लाकडी पट्ट्यांच्या चौकटीवर कापड ताणून त्यावर कागद लावतात, किंवा आधी साधा अस्तराचा कागद लावून त्यावर गव्हाच्या खळीने चित्रित कागद चिकटवितात; ही खळ पुढे पाण्याने सुटू शकते, त्यामुळे पुढच्या पिढीला आपले काम न फाडता काढता येते. कपाटांच्या मागे, कंगोऱ्यांच्या खाली, जुन्या विजेच्या पेट्यांच्या आड मूळ कागदाचे तुकडे पुष्कळदा शिल्लक असतात, आणि त्यांवरून त्या दालनाचा शंभर-दीडशे वर्षांचा इतिहास थरांथरांनी वाचता येतो. हे थर खरवडण्यापूर्वी त्यांची रासायनिक परीक्षा करणे अगत्याचे आहे, कारण एकोणिसाव्या शतकातील हिरव्या रंगांत सोमल असे, आणि त्याची धूळ कामगाराच्या छातीत गेली तर अपाय होतो.

अशी तपासणी केल्यावर कधी कधी उत्तर असे येते, की येथे रोम नकोच. लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकावरील मिडलँड ग्रँड हॉटेल जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट याने गॉथिक पद्धतीने उभारले; १८७३ मध्ये ते खुले झाले, आणि न्हाणीघरांच्या अभावी व इतर गैरसोयींमुळे मागे पडून १९३५ मध्ये बंद पडले. २०११ मध्ये ते पुन्हा हॉटेल म्हणून उघडले, तेव्हा भव्य जिन्याच्या भिंतीवर रंगांच्या थरांचा अभ्यास करून जुनी साच्याने छापलेली नक्षी परत आणण्यात आली. टोकदार कमानींच्या त्या जिन्यात पॉम्पेईची तांबडी चौकट कितीही सुंदर असली तरी परकीच राहिली असती. उलट शिकागोतील काँग्रेस हॉटेलात, जे १८९३ च्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने उभे राहिले, ‘पॉम्पेयन रूम’ नावाचे दालन शहराच्या सामाजिक जीवनात दीर्घकाळ मानाचे स्थान मिळवून होते. नव्या शहरातील नव्या धनिकांना जुन्या संस्कृतीचा आधार हवासा वाटत होता, आणि तो त्यांनी उघडपणे घेतला.

रंगाविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण ‘पॉम्पेईचा तांबडा’ हा शब्द आज रंगविक्रेत्यांच्या तोंडी सर्रास असतो. त्या भिंतींवर एकच तांबडा नव्हता. लोहयुक्त गेरूचा स्वस्त तांबडा आणि हिंगुळाचा महाग तांबडा हे दोन्ही वापरात होते. आणि २०११ मध्ये इटालियन संशोधकांनी असे दाखवून दिले, की आज तांबड्या दिसणाऱ्या काही भिंती मूळच्या पिवळ्या होत्या, उद्रेकातील तप्त वायूंनी पिवळ्या मातीचे तांबड्यात रूपांतर झाले. हिंगुळाची तऱ्हा उलटी: तो उन्हात काळा पडतो. अ‍ॅव्हेंटाइन टेकडीवरील आपल्या घराच्या चौकातील भिंती हौसेने हिंगुळाने रंगविणाऱ्या फॅबेरियस नामक लेखनिकाला तीस दिवसांतच त्या विद्रूप झाल्यामुळे पुन्हा दुसऱ्या रंगांचा मक्ता द्यावा लागला, हे व्हिट्रुव्हियसने नमूद केले आहे, आणि मेण व तेल यांचा लेप देऊन हा रंग राखण्याची कृतीही सांगितली आहे. तेव्हा केवळ नावावर विसंबून एकच भडक तांबडा चारी भिंतींना फासणे म्हणजे प्राचीनांच्या सूक्ष्म रंगज्ञानावर अन्याय करणे होय. त्यांनी तांबडा वापरला, पण त्याच्या शेजारी काळा, पिवळा, हिरवट निळा आणि पुष्कळसा पांढराही ठेवला. आणि ते सारे तेलाच्या दिव्याच्या हलत्या, पिवळसर प्रकाशात पाहावयाचे होते. पांढऱ्या विजेच्या झोतात गर्द भिंत निर्जीव दिसते. तिला खालून किंवा बाजूने येणारा, उबदार आणि मंद प्रकाशच मानवतो. शयनगृहात मात्र गर्द रंग टाळून तिसऱ्या शैलीच्या वळणाची, फिक्या भूमीवरील विरळ नक्षी घ्यावी, हे मी आग्रहाने म्हणेन. थकून आलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर निजताना पौराणिक युद्धे नसावीत.

आपल्याकडे, विशेषतः मुंबई आणि कोकणपट्टीत, भित्तिकागद कधी फारसा रुजला नाही. पावसाळ्यातील दमट हवा, वाळवी आणि बुरशी ही त्याची प्रमुख कारणे. आपल्या भिंतींना चुन्याची सफेदी आणि पुढे डिस्टेंपर हेच मानवले. मात्र चित्रित भिंतीची परंपरा आपल्याला अपरिचित नाही: अजिंठ्याच्या कलावंतांनी मातीच्या कोरड्या गिलाव्यावर जे काम केले, ते पॉम्पेईच्या ओल्या चुन्यावरील कामाहून तंत्राने भिन्न असले तरी दर्जाने उणे नाही, आणि मेणवलीला नाना फडणिसांच्या वाड्यातील चित्रे आजही पाहता येतात. महाराष्ट्रातील एखाद्या जुन्या वास्तूचे अतिथिगृह करताना रोमन नक्षीचे आयते कागद मागविण्याचा मोह झाला, तर आधी त्या वास्तूच्याच भिंतींवर काय होते ते पाहावे. ज्या इमारती वसाहतकाळात युरोपीय अभिजात पद्धतीने, स्तंभ आणि त्रिकोणी शीर्षे घेऊन उभ्या राहिल्या, त्यांच्यात ही नक्षी शोभेल, परंतु तेथेही वातानुकूलित, कोरडी दालनेच तिला द्यावीत आणि समुद्राकडील बाहेरच्या भिंती वगळाव्यात.

कागद लावून झाल्यावर काही गोष्टी करावयाच्या राहतात, आणि त्या बहुधा विसरल्या जातात. छपाईच्या एकाच घाण्यातले निदान दोन-चार पट्टे जास्त मागवून, गुंडाळून, कोरड्या जागी ठेवावेत, कारण पुढे एखाद्या पट्ट्यावर पाणी झिरपले तर नव्याने छापलेल्या कागदाची छटा जुन्याशी तंतोतंत जुळत नाही. प्रत्येक दालनाच्या एका कोपऱ्यात, कपाटाच्या आड, जुन्या थरांचा हातभर तुकडा न झाकता तसाच राखावा. आणि कोणत्या भिंतीवर काय आढळले, कोणती खळ वापरली, कागद कोठून आला, लावणारे कारागीर कोण होते आणि काम कोणत्या साली झाले, याचा दस्तऐवज हॉटेलच्या दफ्तरात स्वतंत्र जतन करावा, म्हणजे पन्नास वर्षांनी तीच भिंत पुन्हा हाती घेणाऱ्याला अंदाजावर काम करावे लागणार नाही.